तांदूळ मिळाला, आमटीचं काय?

सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत काय किंवा पूर्व भागातल्या रस्त्याकडेच्या बाजारात काय, दिवेलागणीनंतर भाजीचे वाटे उतरतात. दुपारी वीस रुपयांना असलेला वांग्यांचा वाटा रात्री आठच्या सुमाराला दहाला सुटतो, मेथीच्या दोन जुड्यांवर तिसरी मिळते, मऊ पडलेले टोमॅटो वेगळ्या ढिगात जातात. विड्या वळणाऱ्या, टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या, चार घरची धुणीभांडी उरकून येणाऱ्या बायका बरोबर या वेळेला बाजारात असतात. कुठल्या दुकानात शेंगदाणे दोन रुपयांनी कमी आहेत, कुणाची डाळ लवकर शिजते, कोण मापात मारतो, हे त्यांना पाठ असतं. महिन्याचं सामान एकदम भरा, यादी करून बाजारात जा, भाज्या हंगामाप्रमाणे घ्या, असे सल्ले महागाईच्या बातम्यांसोबत दरवेळी छापून येतात. त्यातलं जे करण्याजोगं आहे ते या बायकांनी केव्हाच केलेलं असतं. जे राहिलंय ते त्यांच्या हातात नाही.

आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या सोलापूरच्या घरातलं ताट अपुरं राहतं, ते बाईचा हिशेब चुकतो म्हणून नव्हे. सरकार धान्य फुकट देतं आणि डाळ, तेल, दूध, भाजी बाजारभावावर सोडून मोकळं होतं, म्हणून. माझं म्हणणं सरळ आहे. रेशन दुकानात डाळ आणि तेल दर महिन्याला मिळालं पाहिजे, आणि आपल्या जिल्ह्यात गहू-तांदळाच्या जोडीला ज्वारी मिळाली पाहिजे.

आधी ताटाचा हिशेब मांडू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबादमधल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. दिवसाला दोन हजार किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम शेंगदाण्यासारखे दाणे आणि २७ ग्रॅम तेल-तूप मिळावं, असं त्यात सांगितलं आहे. पाच माणसांचं घर धरा आणि सोयीसाठी सगळ्यांना हाच आकडा लावा. लहान मुलांना थोडं कमी लागेल, मागावर बारा तास उभं राहणाऱ्याला जास्त. आठवड्याला डाळ तीन किलो होते. भाजी चौदा किलो, दूध साडेदहा लिटर, फळं साडेतीन किलो, शेंगदाणे सव्वा किलो आणि तेलाची एक लिटरची पिशवी. आता भाव लावा, तेही हात आखडून. मसूर, हरभरा, तूर मिळून डाळ सरासरी ११० रुपये किलो, भाजी ३०, दूध ५० रुपये लिटर, फळं ४०, शेंगदाणे १२०, तेल १४०. बेरीज सतराशे रुपयांच्या वर जाते. यात धान्य नाही, चहा-साखर नाही, तिखट-मीठ नाही, गॅस नाही.

नवरा यंत्रमागावर आणि बायको विड्या वळते अशा घरात भाडं, वीज, मुलांच्या शाळेचा खर्च आणि उचलीचा हप्ता वजा जाऊन बाजाराला हजार रुपये राहिले, तर तो आठवडा बरा म्हणायचा. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मोजतात. तेंदूचं पान खराब आलं, तयार विड्यांतल्या काही बाद झाल्या, कारखान्याने आठवड्यातले दोन दिवस पानच दिलं नाही, तर पैसे तेवढे कमी. शिवाय सोलापुरात नळाला काही दिवसांच्या खंडाने पाणी येतं. पाण्याच्या दिवशी सकाळ भांडी भरण्यात जाते, विड्या कमी होतात आणि मजुरीही कमी होते. आठवड्याचं अंदाजपत्रक म्हणतात ते इथे असं बनतं.

मग सतराशेचं ताट हजारात कसं बसवायचं? पहिल्यांदा दूध जातं. चहापुरतं अर्धा लिटर उरतं. फळं जातात, किंवा केळी तेवढी राहतात, तीही मुलांपुरती. नंतर डाळ पातळ होते. पाच माणसांना दोन्ही वेळा मिळून वाटीभर डाळ, वरून चिंच, लसणाची फोडणी आणि पाणी. तेल शेवटपर्यंत टिकतं, पण मोजून. आमच्या गल्लीतल्या एक अक्का आयुष्यभर विड्या वळत आल्या. रेशनचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘तांदूळ हाय ओ, तांदळाची तक्रार नाही. तांदळावर घालायला काय आणायचं, ते सांगा.’’ संबंध अन्नसुरक्षेच्या चर्चेत मी याहून नेमका प्रश्न ऐकलेला नाही.

आपल्याकडच्या स्वयंपाकाने या टंचाईवर पिढ्यान्‌पिढ्या उपाय शोधले. येसर, म्हणजे भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ, घरात असलं की डाळीवाचून आमटी होते. गरगट्ट्यात मिळेल तो पाला आणि मूठभर डाळ असते. हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी, आठवडाच्या आठवडा टिकणारी कडक भाकरी. तेलुगू घरांतून अंबाडी आणि चिंचेचं आंबट पाणी. हे सगळं चवीचं आहे, अभिमानाचं आहे, आणि त्यातलं बरंचसं पौष्टिकही आहे. पण आज त्याच शेंगाचटणीची आणि कडक भाकरीची पाकिटं करून ती सोलापूरची खासियत म्हणून विकली जातात, तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. आवडते म्हणून एक दिवस येसराची आमटी करणं वेगळं आणि डाळ परवडत नाही म्हणून आठवड्यातून चार दिवस करणं वेगळं. गरिबांना पारंपरिक साधं अन्न खायला सांगणाऱ्यांनी भाकरीच्या ज्वारीचा आणि चटणीतल्या शेंगांचा आजचा भाव आधी विचारावा. शेंगदाणा आता गरिबाचा बदाम राहिलेला नाही.

याचा परिणाम कुठे दिसतो हेही माहीत असलेलंच आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. या राज्यात पोटाला धान्य नाही म्हणून असं झालं असं कुणी म्हणणार नाही. धान्य आहे. ताटातलं बाकीचं नाही. आणि जे थोडं असतं ते आधी कमावत्याला, मग मुलांना आणि उरलं तर तिला.

२०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य दिलं, अंत्योदय म्हणजे अतिगरीब कुटुंबाला पस्तीस किलो. आधी तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत झाले. मी याच्या विरोधात एक शब्द लिहिणार नाही. टाळेबंदीत माग बंद पडले, विडी कारखाने बंद पडले, तेव्हा या धान्याने सोलापूर जगवलं. पण वरच्याच हिशेबाने पाच माणसांना महिन्याला साडेसदतीस किलो धान्य लागतं आणि रेशनवर पंचवीस किलो मिळतं. म्हणजे सरकारने ज्या एका गोष्टीची दोन-तृतीयांश गरज भागवली, ती ताटातली सगळ्यात स्वस्त गोष्ट होती. महागड्या गोष्टींच्या बाबतीत कुटुंब जिथे होतं तिथेच आहे.

सोलापुरात याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार लागते. हा ज्वारीचा मुलूख आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी पाण्यावाचून, नुसत्या थंडीच्या दहिवरावर येते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राबाहेरही पेरलं जाणारं मालदांडी ३५-१ हे ज्वारीचं वाण आपल्याच मोहोळच्या केंद्रावर निवडलं गेलं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, ‘श्रीअन्न’ हा शब्द मंत्र्यांच्या भाषणांत आला. आणि त्याच सोलापुरात चांगली मालदांडी कितीदा तरी गव्हाहून महाग असते, म्हणून कष्टकऱ्यांच्या घरात आठवड्यातले भाकरीचे दिवस कमी होत जाऊन भाताचे दिवस वाढतात. हातावर भाकरी थापणाऱ्या आयांच्या मुली ती थापायलाही विसरत चालल्या आहेत. ज्यांच्या अंगणात ज्वारी पिकते त्यांना ती खाणं चैनीचं व्हावं, यात भाषणात मिरवण्यासारखं काही नाही.

ज्वारी महाग का झाली, याचं उत्तर शेतात आहे. पाण्याची सोय झाली तिथे ऊस आला. उसाला ठरलेला दर आहे आणि न्यायला कारखाना आहे. ज्वारीची काढणी आजही बहुतेक ठिकाणी हाताने उपटून होते आणि त्याला माणसं मिळत नाहीत. कडब्याचे पैसे येतात म्हणून अनेकांनी ती टिकवली आहे. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये ठरवली, पण चांगल्या प्रतीची ज्वारी बाजारात त्याहून वर गेली की सरकारी खरेदी केंद्राकडे कोण फिरकणार? म्हणून रेशनवर ज्वारी आणायची तर राज्याने आधारभूत किमतीवर बोनस देऊन ती इथल्याच शेतकऱ्याकडून घ्यावी लागेल. याला पैसे लागतील. शेजारच्या कर्नाटकाने उत्तरेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी आणि दक्षिणेकडे नाचणी देण्याची वाट धरली, कारण तिथली माणसं ती खातात. विजयपूर-कलबुर्गीची माणसं आणि आपण जेवायला एकच भाकरी मोडतो. मग रेशनच्या बाबतीत सीमेच्या अलीकडे वेगळा नियम का असावा?

रेशनचा तांदूळ लोक विकतात, असं एक कुजकं वाक्य या चर्चेत हमखास येतं. काही घरांतून तो विकला जातो, हे खरं आहे आणि ते बेकायदेशीरही आहे. पण गल्लीत येणाऱ्या फेरीवाल्याला पडेल भावात तांदूळ देऊन ती बाई त्या पैशांचं काय आणते, ते पाहा. तेलाची पिशवी, पाव किलो डाळ, कधी ज्वारी. यात माज दिसत असेल त्याने स्वतःच्या घरी महिनाभर फक्त गहू-तांदूळ आणून पाहावा. जे द्यायला हवं होतं ते दिलं नाही, म्हणून तिने तोट्यात अदलाबदल केली. तो तोटा भरून काढण्याची जबाबदारी रेशनची आहे.

विरोधात येणाऱ्या मुद्द्यांतला सगळ्यात वजनदार मुद्दा पैशाचा. तो टाळून चालणार नाही. क्विंटलभर तुरीतून साधारण सत्तर किलो डाळ निघते. २०२५-२६ साठी तुरीची आधारभूत किंमत ८,००० रुपये आहे. त्या भावाने तूर घेतली तर डाळ भरडाई धरून किलोला १२० रुपयांच्या आसपास पडेल. ती रेशनवर ५० रुपयांना दिली तर किलोमागे ७० रुपयांचा भार. राज्यात अन्नसुरक्षेतली कुटुंबं दीड कोटीहून जास्त आहेत. प्रत्येकाला महिन्याला दोन किलो डाळ म्हटली तर वर्षाचा खर्च अडीच-पावणेतीन हजार कोटींच्या घरात जातो. रक्कम मोठीच आहे. पण ज्या राज्याने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज मांडला, त्या राज्याला ही अशक्य आहे असं म्हणता येणार नाही. प्रश्न ऐपतीपेक्षा पसंतीचा आहे.

आणि हा भार पूर्ण खर्चातही जात नाही. २०२५ च्या हंगामात तुरीची आयात शुल्काविना चालू राहिली आणि शेतकऱ्याच्या तुरीला अनेक बाजारांत हमीभावही मिळाला नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या रानातला तूर पिकवणारा रडला आणि त्याच वेळी शहरातली विडी वळणारी अर्धा पाव डाळीवर दिवस काढत होती. सरकारने हमीभावाने तूर घेऊन जवळच्याच गिरणीत भरडून इथल्याच रेशन दुकानात दिली, तर एका रकमेत दोन घरं सावरतात. शेतकऱ्याचं भलं आणि ग्राहकाचं भलं एकमेकांच्या विरुद्ध असतं हे आपण इतक्यांदा ऐकलंय की जिथे ते एकत्र येतं तिथेही आपण थांबत नाही.

दुसरा आक्षेप: लाडकी बहीणचे हातात दीड हजार रोख येतात, मग डाळ कशाला? रोख रक्कम उपयोगाची आहे आणि ती बाईच्या खात्यात येते याला मोल आहे. पण ती येताच आधी किराणा दुकानाची वही मिटते, मग दवाखाना, मग शाळा. शिवाय तूर १६०-१८० रुपयांवर गेली, तशी २०२३-२४ मध्ये गेलीच होती, तर दीड हजार तेवढेच राहतात आणि डाळ कमी होते. दोन किलो डाळ ही बाजारात काहीही झालं तरी दोन किलोच राहते. महागाईपासून संरक्षण म्हणतात ते हे.

तिसरा, यंत्रणा कोलमडेल. तमिळनाडूत २००७ पासून रेशनवर तूरडाळ आणि पामतेल मिळतं, किलोभर डाळ ३० रुपयांना आणि लिटरभर तेल २५ रुपयांना. आपल्याही राज्याने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेलाचा ‘आनंदाचा शिधा’ याच दुकानांतून वाटून दाखवला. कुठे एखादी वस्तू उशिरा आली, कुठे पिशव्या कमी पडल्या, पण डाळ-तेल रेशनच्या दुकानापर्यंत पोचू शकतं हे सिद्ध झालं. सणाला गोडधोड करायला सरकारने हात दिला, ठीक. भूक काही दिवाळी-गुढीपाडवा बघून लागत नाही.

हे सगळं मिळेल कुणाला, हाही प्रश्न आहे. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. लाडकी बहीणसाठी हीच मर्यादा अडीच लाख. एकाच राज्यात गरिबीची दोन मापं, आणि पोटाचं माप त्यातलं लहान! लाभार्थ्यांची संख्या अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेली आहे. नवीन लग्न होऊन वेगळं झालेलं जोडपं, भाड्याने राहायला आलेलं कुटुंब, ज्यांच्याकडे केशरी कार्ड आहे पण धान्याच्या यादीत नाव नाही अशी घरं वर्षानुवर्षं ‘इष्टांक संपला’, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या भरली, हे एकच उत्तर ऐकतात. आणि यादीत नाव असलेल्यांचीही एक गोष्ट. रोज तेंदूपान कापून, दोरा गुंडाळून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्या बायका रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवतात, पुसतात, पुन्हा ठेवतात, मग दुसरं बोट, मग दुसरा हात. मागे रांग उभी असते. कष्टाने बोट झिजलं म्हणून धान्यासाठी ताटकळायला लागणं, हे विडी कामगारांच्या शहरात तरी सहन होता कामा नये. डोळ्यांच्या स्कॅनची किंवा नोंदवहीत सही घेण्याची सोय प्रत्येक दुकानात सक्तीची करायला फार मोठी योजना लागत नाही.

शाळेतल्या जेवणाचाही यात समावेश केला पाहिजे, कारण आठवड्याच्या बाजारातून पहिली काटली जाणारी प्रथिनं तिथे भरून निघू शकतात. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी बंद केला. लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. नीलम नगरातल्या किंवा कुंभारीच्या विडी घरकुलातल्या शाळेने वर्गणी कुणाकडून गोळा करायची? त्याच आईबापांकडून, ज्यांच्या घरी अंडं येत नाही.

सरकारने करेपर्यंत हातावर हात ठेवून बसावं असं मी म्हणत नाही. आठवड्याच्या पगारावर जगण्याची सगळ्यात मोठी किंमत ही की सगळं थोडं थोडं घ्यावं लागतं आणि थोडं घेतलेलं महाग पडतं. दहा रुपयांची चहाची पुडी, वीस रुपयांचं तेल, पावशेर डाळ. पगारदार घरं फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी आली की वर्षाची पोती भरून ठेवतात, तेव्हा भाव उतरलेला असतो. रोजंदारीवरच्या घराकडे त्या महिन्यात तेवढी रक्कम कधीच नसते. बचत गटांना पापड-मसाल्यासाठी कर्ज मिळतं. तेच वर्षाची ज्वारी आणि डाळ एकत्र घेण्यासाठी मिळायला हवं, आठवड्याच्या हप्त्याने फेडण्याच्या बोलीवर. जिल्हा बँका, पतसंस्था यांना यात बुडण्याची भीती नाही, कारण पुढे खायचं धान्यच तारण आहे. वीस बायकांनी मिळून थेट बाजार समितीतून घेतलेली पोती आणि किराणा दुकानातली पावशेर पुडी यांच्या भावातला फरक त्यांनी स्वतः करून पाहिला की पुढचं कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

मात्र याने रेशनमधल्या डाळीची गरज संपत नाही. नवी तूर जानेवारीपासून बाजारात येऊ लागते. हमीभावाने किती घ्यायची, ती कुठे भरडायची आणि कुठल्या जिल्ह्यात वाटायची, हे त्याआधीच ठरलेलं असावं लागतं. सोलापूरच्या आमदार-खासदारांना आणि जिल्हा पुरवठा कार्यालयाला हा प्रश्न दिवाळीच्या आत लेखी विचारला गेला पाहिजे. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या संघटनांनी मजुरीच्या मागण्यांच्या निवेदनात यंदा एक ओळ वाढवावी: दर कार्डाला महिन्याला दोन किलो तूरडाळ, एक लिटर तेल आणि मागेल त्याला गव्हाऐवजी ज्वारी.